टोमण्यांनी वजन उतरत नाही

वर्गात एखाद्या मुलाला वजनावरून नाव पडतं आणि ते वर्षानुवर्षं चिकटून राहतं. घरी कळलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘लक्ष देऊ नकोस’ किंवा ‘मग थोडं कमी कर ना वजन’. दुसऱ्या उत्तरामागे एक जुना समज आहे, की मनाला लागलं तर पोर सुधारेल. ‘बॉडी शेमिंग’ (शरीरावरून हिणवणं) आणि ‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ (शरीर आहे तसं आपलं मानणं) हे शब्द सतत कानावर पडू लागल्यापासून पालकांचा गोंधळ आणखी वाढला आहे. मुलांना ‘आहे तसं स्वतःला स्वीकार’ म्हणून सांगायचं, तर त्यांच्या तब्येतीचं काय? आणि नाही सांगायचं, तर मग छळ करणाऱ्यांचंच म्हणणं खरं ठरलं का?

बोलून बोलून लाज आणली की वजन कमी होतं का, हा प्रश्न मोजून तपासता येतो. तो तपासलाही गेला आहे आणि उत्तर उलट्या दिशेचं आलं आहे.

थट्टा कुठे संपते

शाळकरी वयातल्या छळाचा, म्हणजे बुलिंगचा, शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो १९७०च्या दशकात, डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात. कृती मुद्दाम केलेली असते, ती पुन्हा पुन्हा होते आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद अंगबळाचीच असते असं नाही. वर्गातली लोकप्रियता, बाजूने हसणारे चारजण, वय, गटातला दबदबा, यातलं काहीही असू शकतं.

पालकांना आणि शिक्षकांना प्रत्यक्षात उपयोगी पडेल अशी कसोटी याहून साधी आहे. ज्याला बोललं जातंय त्याला ‘बास’ म्हणता येतं का? आणि म्हटल्यावर ते थांबतं का? दोन मित्र एकमेकांची खेचतात तेव्हा दोघांनाही बोलायची मुभा असते आणि एकाचा चेहरा पडला की दुसरा गप्प होतो. छळात चेहरा पडला की जोर वाढतो.

वजनावरचा छळ नुसत्या नावांपुरता नसतो. बाकावर सरकून ‘जागाच उरली नाही’ म्हणणं, संघ निवडताना शेवटपर्यंत उभं ठेवणं, जिना चढताना मागून पावलांचे आवाज काढणं, डब्यात काय आहे ते मोठ्याने सांगणं, नकळत काढलेल्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर फिरवणं हे सगळं त्यातच येतं. गोड आवाजातलं ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय’ हेही येतं, आणि ते ओळखायला सगळ्यात अवघड.

हे बोलणारे कोण असतात? अमेरिकेत वजन कमी करण्याच्या शिबिरांना आलेल्या किशोरवयीन मुलांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६४ टक्के मुलांनी शाळेत वजनावरून त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांत बरोबरीची मुलं होतीच, पण ‘मित्र’ म्हणवणारेही ७० टक्के मुलांच्या यादीत होते. खेळाचे शिक्षक किंवा प्रशिक्षक ४२ टक्के मुलांच्या, आईवडील ३७ टक्क्यांच्या आणि इतर शिक्षक २७ टक्क्यांच्या. म्हणजे ज्या मोठ्या माणसाकडे मुलाने तक्रार घेऊन जायचं, तोच त्या यादीत असण्याची शक्यता बरीच आहे. मुलं गप्प का बसतात त्याचं एक मोठं कारण इथे आहे.

मुलांच्या मनात हा ग्रह फार लवकर रुजतो. १९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली गेली: एक कुठलंही व्यंग नसलेलं मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक चाकाच्या खुर्चीत, एकाचा पंजा नाही, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक जाड मूल. ‘तुला कोण सगळ्यात जास्त आवडेल?’ असं विचारून क्रम लावायला सांगितला. जाड मूल शेवटी गेलं. २००३ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हाही ते शेवटीच होतं आणि नावड आधीपेक्षा वाढलेली होती. चाळीस वर्षांत समाजात जाड मुलांचं प्रमाण वाढलं, तरी आपुलकी वाढली नाही.

वजन ठरवतं कोण?

छळामागचं तर्कशास्त्र एका वाक्यात मावतं: ‘हे तुझ्या हातात आहे आणि तू करत नाहीस.’ म्हणून आधी हे वाक्य किती खरं आहे ते पाहावं लागेल.

१९८६ साली अल्बर्ट स्टंकार्ड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांच्या घरात ते जेवले, वाढले, त्या दत्तक आईवडिलांशी जुळत नव्हती. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही असंच दिसतं, की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा बराचसा भाग, साधारण ४० ते ७० टक्के, आनुवंशिक असतो. याचा अर्थ सवयींना काहीच किंमत नाही असा नाही. एकाच घरातली दोन भावंडं तेच खाऊन वेगळी का दिसतात, याचं उत्तर मात्र शिस्तीत सापडत नाही.

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. साठा भराभर घटला की लेप्टिन उतरतं, भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून वापरायला लागतं. वजन घटवलेल्या माणसाला ते टिकवणं जड का जातं, हे यातून समजतं. शरीर मुकाट्याने बसत नाही, गेलेलं भरून काढायला बघतं.

किशोरवयात यात आणखी एक गोष्ट मिसळते. प्रौढपणीच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग या काही वर्षांत अंगावर चढतो आणि तो चढायलाच हवा. मुलींमध्ये वयात येताना नितंब, मांड्या आणि छातीभोवती चरबी वाढते. ती नैसर्गिक आहे, पाळी नीट सुरू राहायला तिची गरज असते. काही मुलांची आधी रुंदी वाढते, मग उंची. कुणाचं हे दहाव्या वर्षी होतं, कुणाचं चौदाव्या. आठवीच्या वर्गात बारा वर्षांचं दिसणारं आणि सतरा वर्षांचं दिसणारं मूल शेजारी बसतं, आणि दोघंही अगदी निरोगी असू शकतात.

शिवाय काही औषधांनी वजन वाढतं: दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, फिट्सवरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधं. अशी औषधं वजनाच्या भीतीने आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांशी बोलूनच पर्याय बघावा.

बीएमआयबद्दल, म्हणजे ‘बॉडी मास इंडेक्स’बद्दल, थोडं सांगायला हवं, कारण शाळेत हा आकडा शिवीसारखा वापरला जातो. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढंच त्याचं सूत्र. ते केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मोठ्या लोकसमूहांचा अभ्यास करताना मांडलं. आजचं नाव त्याला १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकी संशोधकाने दिलं. स्नायू किती, चरबी किती, हे या सूत्राला कळत नाही. आणि मोठ्यांचे २५ (जास्त वजन), ३० (लठ्ठपणा) हे टप्पे वाढत्या मुलांना लावायचेच नसतात. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वाढीचा आलेख असतो. एका बिंदूपेक्षा त्या आलेखावरची रेषा महत्त्वाची. मूल लहानपणापासून वरच्या रेषेवर चालत आलं असेल तर ती त्याची ठेवण असू शकते. सहा महिन्यांत रेषा सोडून एकदम वर किंवा खाली गेलं, तर तपासायला हवं. वजन वाढतंय पण उंची वाढायची थांबली, तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांची तपासणी लांबवू नये.

लाज वाटते तेव्हा शरीरात काय चालतं

सगळ्यांसमोर अपमान झाला की शरीर त्याला धोका समजतं. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढतं. ते वारंवार वाढत राहिलं की गोड, तेलकट खाण्याची ओढ वाढते आणि पोटाभोवती चरबी साठायला मदत होते. झोप बिघडते, आणि अपुऱ्या झोपेने भूक आणखी चाळवते. इथपर्यंतची सगळी साखळी मुलाच्या इच्छेबाहेरची आहे.

पुढची साखळी वागण्यातली. खेळाच्या तासाला हसतात म्हणून मूल पोटदुखीचं कारण सांगतं. पोहायला जाणं बंद होतं, कारण कपडे बदलायचे असतात. चारचौघांत खाताना नजरा असतात म्हणून डबा न उघडता परत येतो, आणि दिवसभराच्या उपाशीपोटी संध्याकाळी एकट्याने, घाईघाईत, भूक भागल्यावरही खाल्लं जातं. त्यानंतर अपराधी वाटतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास.

हा उपास काय करतो हे एका जुन्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. १९४४-४५ मध्ये त्याच अँसेल कीज यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ३६ निरोगी, मनाने खंबीर अशा तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला अंदाजे १,५७० कॅलरी, म्हणजे आज कितीतरी ‘डाएट’मध्ये सांगतात त्याहून जास्तच. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांतले काहीजण पोट भरूनही खात सुटले, समाधान होईना. ही इच्छाशक्ती कमी असलेली माणसं नव्हती. उपाशी ठेवलेलं कुठलंही शरीर असंच वागतं. वाढीच्या वयातलं तर नक्कीच.

आता वजनाकडे येऊ. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन हजारांवर मुलींना दहाव्या वर्षी विचारलं होतं, की कुणी तुला ‘फार जाड आहेस’ असं म्हटलं आहे का. ज्यांनी हो म्हटलं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणाच्या गटात असण्याची शक्यता जास्त निघाली. ‘त्या आधीच जाड असतील म्हणून कुणी म्हटलं असेल’ ही शंका लगेच येते. संशोधकांनी दहाव्या वर्षीचं वजन, घरची मिळकत, वयात येण्याचं वय हे सगळं हिशेबात धरलं होतं. तरीही फरक उरला. म्हणजे सारख्याच वजनाच्या दोन मुलींत, जिला हिणवलं गेलं तिचं पुढे जास्त वाढण्याची शक्यता अधिक.

मिनेसोटातच १९९८-९९ पासून हजारो किशोरवयीन मुलांचा मागोवा घेणारा ‘प्रोजेक्ट ईट’ नावाचा अभ्यास चालू आहे. ज्यांना घरी किंवा शाळेत वजनावरून चिडवलं जायचं त्यांच्यात नैराश्याची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले, आणि ही गोष्ट प्रत्यक्ष वजन कितीही असलं तरी खरी होती. वजन कमी करायला डाएट करणारी मुलं पाच वर्षांनी न करणाऱ्यांपेक्षा जास्त वजनाची निघाली.

‘पण जे दिसतंय तेच बोललं, तर बिघडलं कुठे?’

हा आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

जास्त वजन असलेल्या मुलाला आपलं वजन जास्त आहे हे माहीत नसतं, असं समजणं चूक आहे. त्याला ते कपड्यांच्या दुकानात, वर्गाच्या फोटोत, बाकावर बसताना रोज कळतं. सांगणाऱ्याने नवी माहिती काहीच दिलेली नसते, फक्त ‘मलाही ते खटकतं’ एवढं कळवलेलं असतं.

आरोग्याबद्दल बोलायचंच नाही असंही नाही. त्यासाठी जागा आणि माणूस योग्य हवा. डॉक्टर, बंद खोलीत, मुलाची परवानगी घेऊन, तपासण्यांचे निकाल समोर ठेवून बोलतात तेव्हा त्यातून काहीतरी करता येतं. मधल्या सुट्टीत मोठ्याने म्हटलेल्या वाक्यातून करण्यासारखं काही निघत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या डॉक्टरांनाच बजावलं, की लाज आणणारी भाषा टाळा, तिने उपचाराला खीळ बसते. २०२० मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन तसंच निवेदन काढलं. अपमानाच्या भीतीने मूल दवाखान्यातच जायचं टाळू लागलं, तर साधा आजारसुद्धा हाताबाहेर जातो.

आणि हा छळ फक्त जाड मुलांचा होतो असं नाही. फार बारीक मुलग्यांना ‘हाडं मोजता येतात’ म्हणून हिणवतात. त्यांच्यातले काही कुठलेतरी डबे आणून पावडरी खायला लागतात, नको तेवढं वजन उचलून पाठ दुखावून घेतात. यंत्रणा तीच आहे.

स्वीकार म्हणजे काय, आणि काय नाही

‘मी सुंदर आहे’ असं आरशासमोर रोज म्हणायला लावणं हा सगळ्यात जास्त सुचवला जाणारा आणि सगळ्यात कमी कामाचा उपाय. ज्याला ते आतून पटत नाही त्याला प्रत्येक वेळी आपण खोटं बोलतोय असं वाटतं आणि मन जास्तच खचतं. स्वीकाराला सुंदर वाटण्याची गरज नाही. शरीर आवडलंच पाहिजे अशीही सक्ती नाही. ‘हे शरीर माझं आहे, आज असं आहे आणि त्याला चांगली वागणूक मिळण्यासाठी आधी बदलावं लागणार नाही’, एवढं पुरे.

यावर ‘म्हणजे हात टेकायचे’ असं कुणी म्हणेल. गळक्या घराचा विचार करा. ज्या घराला माणूस आपलं मानतो त्याचंच छप्पर तो शाकारतो. ज्या घराचा त्याला तिटकारा आहे, तिथे तो दार लावून घेतो आणि पाणी साचू देतो. शरीराचा तिटकारा असलेलं मूल डॉक्टरकडे जात नाही, मैदानावर जात नाही, वेळेवर जेवत नाही. काळजी घेण्याची सुरुवातच आपलेपणातून होते.

हे शिकण्याच्या काही रीती आहेत. सगळ्या एकदम करू नयेत. एक निवडावी, दोन-तीन आठवडे द्यावेत.

पहिली, वर्णन आणि निवाडा वेगळे करणं. वहीत दोन रकाने आखायचे. डावीकडे दिसणारी गोष्ट: ‘माझ्या दंडांवर चरबी आहे.’ उजवीकडे मनाने जोडलेलं शेपूट: ‘म्हणून मी घाणेरडी दिसते, मला कुणी जवळ करणार नाही.’ डावीकडचं खरं असू शकतं. उजवीकडचं कुणाच्या आवाजात ऐकू येतं, ते बाजूला लिहायचं. बहुतेक वेळा तिथे एखाद्या माणसाचं नाव येतं, आणि जे आपलं मत वाटत होतं ते उसनं निघतं.

दुसरी, शरीर काय करतं ते लिहिणं. नेदरलँड्समधल्या संशोधक जेसिका अलेव्हा यांनी २०१५ मध्ये अशी पद्धत तपासली: साधारण पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन लेखनपाठ, विषय एकच, माझं शरीर मला काय करू देतं आणि ते माझ्यासाठी महत्त्वाचं का आहे. त्यात भाग घेतलेल्या तरुणींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान वाढलं. यात चालणं-धावणंच यायला हवं असं नाही. गाण्याचा सूर लागणं, आजीला उठायला हात देणं, ताप उतरवणं, रडून मोकळं होणं हेही शरीरच करतं.

तिसरी रीत क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ ‘आत्मकरुणा’ म्हणतात ती. वाईट प्रसंगानंतर स्वतःशी तीन गोष्टी बोलायच्या: आत्ता मला लागलंय, असं लागणारी मी एकटी नाही, माझ्या मैत्रिणीला हे झालं असतं तर मी तिला काय म्हटलं असतं, तेच मला म्हणते. शेवटचं वाक्य लिहून काढावं, नुसतं मनात म्हटलं तर निसटतं.

याखेरीज काही अगदी साध्या गोष्टी आहेत आणि त्या उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडतात. आज अंगाला नीट बसणारे कपडे आजच घ्यावेत. ‘बारीक झाल्यावर होतील’ म्हणून ठेवलेले घट्ट कपडे दिवसभर कमरेला काचतात आणि दर मिनिटाला वजनाची आठवण देतात. वजनकाटा खोलीतून हलवावा. दिवसातून दहा वेळा आरशात पोट बघण्याची, दंडाला चिमटा घेऊन मोजण्याची सवय असेल तर ती आधी मोजावी आणि रोज एकने कमी करावी, कारण तपासल्याने दिलासा मिळत नाही, काळजीच वाढते. फोनवरची जी खाती बघून स्वतःची चीड येते ती बंद करावीत. एकदा बसून वीस-पंचवीस काढून टाकली की पुढ्यात येणारा मजकूरही हळूहळू बदलतो.

आणि ‘वजन कमी झाल्यावर’ म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी करावी: नाटकात काम, सहल, पोहणं, आवडत्या रंगाचा शर्ट. त्यातली सगळ्यात सोपी याच महिन्यात करायची. माझ्या मते या सगळ्यांत ही सर्वांत मोलाची, कारण छळाने खरं हिरावून घेतलेलं असतं ते हेच.

छळ चालू आहे, तर या आठवड्यात काय करायचं

मनाची तयारी हळूहळू होते. छळ मात्र आज थांबवायला हवा, आणि तो थांबवणं हे त्या मुलाचं एकट्याचं काम नाही.

नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत, कोण हजर होतं. ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव आणि वेळ दिसली पाहिजे. रागाच्या भरात चॅट पुसून टाकणं किंवा ग्रुप सोडणं ही नेहमी होणारी चूक आहे. आधी पुरावा, मग ब्लॉक. ‘मला सारखं चिडवतात’ ही तक्रार शाळेत विरून जाते. ‘सोमवारपासून चार वेळा, खेळाच्या तासानंतर, या तिघांनी, हे शब्द वापरून’ ही तक्रार विरत नाही.

उत्तर द्यायचंच तर छोटं, सपाट आवाजात आणि चालत चालत द्यावं. ‘माझ्या शरीरावर बोलू नकोस.’ एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही, ‘तू स्वतःकडे बघ’ नाही. उलट टोमणा मारला की प्रेक्षकांना सामना मिळतो आणि शिक्षकांना ‘दोघांचंही चुकलं’ म्हणायची सोय होते. समोर मारामारीची शक्यता असेल तर काहीही न बोलता मोठ्या माणसाच्या दिशेने निघून जावं. ‘लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला अर्धवट का ठरतो तेही ध्यानात घ्या. प्रतिसाद मिळेनासा झाला की त्रास देणारे बरेचदा आधी जोर वाढवतात, आणि तेवढ्यात मूल खचतं. दुर्लक्ष करायचं असेल तर मागे मोठ्यांची कारवाई चालू असायला हवी.

बघ्यांच्या हातात सगळ्यात जास्त असतं. कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या बहुतेक प्रसंगी आजूबाजूला मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती पाचातल्या एखाद्याच प्रसंगी. जिथे पडली, तिथे निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. मध्ये पडणं म्हणजे भांडण नव्हे. ‘चल, आपण निघू’ म्हणून त्या मुलाला सोबत घेऊन जाणं पुरतं. तेही धाडस नसेल तर हसू नये, स्टिकर पुढे पाठवू नये आणि नंतर एकटं गाठून ‘ते चुकीचं होतं’ एवढं तरी सांगावं.

घरी

मूल पहिल्यांदा सांगतं तेव्हाची दोन मिनिटं निर्णायक असतात. ‘तू काय केलं होतंस?’ आणि ‘आपण उद्यापासून डाएट करू’ ही दोन वाक्यं आली की पुढचं काही कळणार नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू’, एवढं म्हणून ऐकत राहा. लगेच समोरच्याच्या घरी फोन लावू नका. तिथे बहुतेक वेळा वाद होतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘घरी चुगली केली’ म्हणून त्रास वाढतो. शाळेकडे लेखी जा.

घरातल्या भाषेची झाडाझडती तेवढीच गरजेची. लाडाची म्हणून ठेवलेली नावं, पाहुण्यांसमोरचं ‘हिला जरा कमी वाढ’, आईने स्वतःच्या पोटाबद्दल काढलेले उद्गार, वडिलांनी टीव्हीवरच्या कुणाच्या अंगावर केलेली शेरेबाजी, मुलं हे सगळं ऐकतात. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही शाबासकीही जपून. तिचा दुसरा अर्थ ‘आधी छान नव्हतीस’ असा पोचतो, आणि एखादं मूल उपाशी राहून किंवा उलट्या काढून बारीक झालेलं असेल तर आपण त्यालाच शाबासकी देऊन बसतो.

खाण्यापिण्यात, झोपेत बदल करायचा तर तो सगळ्या घरासाठी करावा. एका मुलाचं ताट वेगळं काढलं की ती शिक्षा होते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, किशोरवयात आठ ते दहा तास झोप, आणि दिवसाला साधारण तासभर अंग हलेल असं काहीही, अट एकच, मुलाला ते आवडायला हवं. हे बारीक भावंडालाही लागतंच.

शाळेत

त्रास देणाऱ्या आणि सोसणाऱ्या मुलाला समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ म्हणणं हा शाळांचा आवडता मार्ग. तो भांडणावर चालतो, छळावर नाही. ताकद जिथे असमान आहे तिथे सोसणारा पुन्हा एकदा दबतो, यावेळी शिक्षकांच्या देखत. दोघांशी वेगवेगळं बोलावं, त्रास देणाऱ्याला नेमकं कोणतं वागणं थांबवायचं ते सांगावं, आणि एका आठवड्याने, मग महिन्याने सोसणाऱ्या मुलाला विचारावं. हा शेवटचा भाग हमखास राहून जातो.

खेळाच्या तासाला दोन कप्तानांना एकेक गडी निवडायला लावणं बंद करावं, संघ शिक्षकांनी पाडावेत. वजन मोजायचंच असेल तर पडद्याआड, आकडा मोठ्याने न वाचता. मोठ्या मापाचे गणवेश आणि खेळाचे कपडे आधीच ठेवलेले असावेत, मागायला लागू नयेत. नाटकात जाड मुलाला दरवेळी विनोदी किंवा खादाड पात्र देऊ नये. छळविरोधी नियमांत वंश, धर्म, अपंगत्व लिहिलेलं असतं, त्यात वजन आणि शरीरयष्टी हे शब्द घालायला काही खर्च येत नाही.

‘आम्हालाही चिडवायचे, आम्ही नाही का मोठे झालो?’

झालात. पण प्रोजेक्ट ईटमध्ये पंधरा वर्षांनी, तिशीच्या आसपास, त्याच लोकांना पुन्हा गाठलं तेव्हा लहानपणी चिडवलं गेलेल्यांत लठ्ठपणाचं आणि मन जड झालं की खात सुटण्याचं प्रमाण जास्त होतं. त्यातले कितीतरी जण व्यवस्थित नोकरी करत असतील, हसत असतील. शिवाय त्या काळी शाळा सुटली की चिडवणंही दुसऱ्या दिवसापर्यंत सुटायचं. आता फोन उशाशी असतो.

केव्हा वाट बघत बसायचं नाही

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. जेवण सतत टाळणं, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाणं, उलट्या काढणं, जुलाबाची किंवा भूक मारणारी औषधं घेणं, पाळी थांबणं, चक्कर येणं, थोड्या काळात बरंच वजन घटणं. हे खाण्याच्या विकाराचं लक्षण असू शकतं, आणि तो जाड मुलांनाही होतो. अंगावर वजन दिसतं म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं, कारण घटणाऱ्या आकड्याचं सगळे कौतुक करत असतात. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना पाळीच्या तारखा, खाण्याच्या सवयी, घेतलेली औषधं आणि वजनातला बदल लिहून न्या. वजन मुलाला न दाखवता घ्या, अशी विनंती करता येते.

अंगावर जखमा करून घेणं, आवडती वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसले तर बरं होईल’ असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, जवळचं रुग्णालय किंवा तुमच्या भागातली बालक हेल्पलाइन गाठा.